पुरुमेंत

मे संपत आला की आई यादी करते.
सुके बांगडे, गालमो, सोलं,
कांद्याच्या दोन वेण्या,
मिरच्या हरमलच्याच.
चोडण बेट आहे. पावसात फेरी कधी लागेल
कधी नाही, म्हणून घर आधीच भरायचं.

गेली तीन वर्षं ही यादी ताईच्या हातात जायची.
यंदा ताई म्हणाली, मला सुट्टी नाही शुक्रवारी.
खोटं बोलली. तिचा शुक्रवार मोकळा होता.

आईने बटव्यातून पाचशेच्या चार नोटा काढल्या
आणि थोडा वेळ हातातच धरल्या.
याच हाताने तिने आमची समई सोडवून आणली होती
डिचोलीच्या भांडेवाल्याकडून,
मी विकलेली,
तिप्पट पैसे मोजून.
तेव्हा ती काही बोलली नाही.
ते न बोललेलं अजून दाताखाली येतं
भातातल्या खड्यासारखं.

पप्पा रायबंदरच्या फेरीवर दोर टाकतात.
ज्या रात्री मी धक्क्यावर पडलो होतो, तोंडातून फेस,
त्यांनी आधी दोर बांधला,
मग फळी सोडली, गाड्या उतरवल्या,
मग मला उचललं.
त्या क्रमाचा मला फार दिवस राग होता.
आता नाही. बोटीत चाळीस माणसं होती.

दर मंगळवारी पलीकडच्या धक्क्यावर आल्विटो थांबतो,
पिवळ्या मडगार्डचा पायलट. भाडं घेत नाही.
चॅपेलमागे बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर
आम्ही अकराजण, गुडघे हनुवटीपाशी.
कृपेश फेब्रुवारीत घसरला. पुन्हा आला.
एकशे चाळीसवरून परत एक.
कुणी हळहळलं नाही. त्याच्या हातात चहा दिला,
बिस्किटांचा पुडा त्याच्याकडे सरकवला.

आल्विटो असं म्हणाला नाही, की म्हापशात त्या गल्लीकडे बघू नकोस.
म्हणाला, गल्ली आली की फोन लाव.

गल्ली आली.
खिशात यादी, यादीत गुंडाळलेले पैसे,
आणि पोटात ते जुनं कुत्रं उठून बसलं,
त्याला वाट पाठ आहे.
मी फोन लावला.
आल्विटो क्लचच्या वायरीबद्दल बोलत राहिला,
कशी तुटली, कुठे तुटली,
म्हार्दोळचा मेस्त कसा लुटारू आहे,
अकरा मिनिटं.
मी हं म्हणत होतो आणि चालत होतो.
समोर बांगडेवाली ओरडली,
घेतोस तर घे रे, फोनवर काय संसार मांडलायस!

संध्याकाळी आईने पिशवी नंतर उघडली.
आधी पैसे मोजले.
परत मोजले.
वीस कमी.
सोडा प्यालो, मी म्हणालो.
तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, नुसतं डोळ्यांत नाही,
बाहुल्यांत. आयांना हे कुठल्या शाळेत शिकवतात
मला ठाऊक नाही.
गोड की खारा?
खारा.
बरं, म्हणाली, आणि कांद्याची वेणी खुंटीला लावली.

मोजते ते बरंच आहे.
मीही मोजतो. दोनशे बारा.

रात्री पप्पा आले, अंगाला डिझेलचा वास.
पाटावर बसण्याआधी एक बांगडा उचलला,
दिव्याकडे धरला, शेपटीपासून वाकवून बघितला.
कितीला डझन?
दीडशेला.
शंभराचा माल हा! फसवलं तुला.

फसवलं. मला.
ताईला हसू आलं, तिने पदर तोंडावर घेतला,
मग आई, मग मी,
आणि पप्पा विचारत राहिले, अरे झालं काय,
हातात तो वाकडा बांगडा तसाच.